पंखा घरघरतोय? घरघरू द्या!

सकाळी संगणक सुरू केला की कॅबिनेटमधून पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतो आणि दहा मिनिटांनी आपोआप थांबतो, असं तुमच्याकडे होत असेल तर अभिनंदन. तुमच्या ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या भागाच्या, पंख्याला कंठ फुटला आहे. काही उतावळे लोक लगेच सांगतील, की बेअरिंगमधलं वंगण आटत आलंय, थंड असताना ते घट्ट असतं, गरम झालं की जरा सैल पडतं, म्हणून आवाज थांबतो. त्यांचं ऐकू नका. आवाज थांबला म्हणजे दुखणं बरं झालं, हा आपल्याकडचा जुना नियम आहे. आमचा मिक्सर आणि सासऱ्यांचा गुडघा गेली अनेक वर्षं याच नियमावर चालू आहेत.

पहिले सहा महिने हेडफोनवर काढा. त्यानंतर कार्डावरच्या दोनपैकी एक पंखा कायमचा बंद पडेल. तरी घाबरायचं कारण नाही. एकत्र कुटुंबात एक भाऊ ओट्यावर बसून राहिला की दुसरा दुप्पट राबतो, तसा उरलेला पंखा जीव खाऊन फिरू लागेल आणि यथावकाश तोही घरघरेल. जीटीएक्स १०६० सारखं कार्ड ८३ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं. वरची मर्यादा ९४ अंशांची आहे, पण तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणून ते आधीच नांगी टाकतं. पडद्यावर गेम अडखळायला लागला, की गेम बनवणाऱ्याला शिव्या घाला. मग ड्रायव्हर नवा टाका. मग विंडोज नवं टाका. शेवटी रॅम वाढवा. म्हैस आजारी असताना पखालीला इंजेक्शन देण्याची कला आपण कुणाकडून शिकलेलो नाही, ती उपजतच आहे.

हे सगळं करून झाल्यावरच कॅबिनेटचं झाकण काढायचं. काढलेलं झाकण पलंगाखाली सरकवायचं आणि समोर स्टुलावर टेबल फॅन ठेवायचा. खरं सांगायचं तर या उपायाने तापमान उतरतंही, आणि तिथेच घात होतो. ज्या उपायाने थोडा गुण येतो तो आपण आयुष्यभर सोडत नाही. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच मुळी चाळीस अंशांवर असताना तो फॅन गरम वारा आणि रस्त्यावरची धूळ दोन्ही सारख्याच प्रेमाने आत ढकलतो. महिन्याभरात हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये गोधडीत भरता येईल इतका कापूस जमतो.

मग साफसफाई. घरातला ब्लोअर घ्या, पूर्ण जोरात लावा आणि पंखा भिंगरीसारखा फिरताना पोरांना बोलावून दाखवा. पंख्याच्या पात्याला एक बोट लावून धरलं तर दुबळ्या बेअरिंगवर ताण येत नाही, हे खरं आहे, पण मग गंमत काय राहिली?

आता येतो तेलाचा विषय, आणि इथे मला थोडं थांबायला आवडेल, कारण मराठी घरात तेलाशिवाय कुठलीच दुरुस्ती सुरू होत नाही. आत्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असतोच. तो सांगेल, की पंख्याच्या मधल्या गोल भागावरचा स्टिकर अलगद सोलायचा, खाली रबरी बूच असेल तर काढायचं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, बोटाने पंखा फिरवायचा आणि स्टिकर पुन्हा चिकटवायचा. इतकं साधं? यात ना खर्च, ना गोंधळ. तुम्ही सरळ खोबरेल तेल घ्या. डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल गोठतं तेव्हा आपण ती उन्हात ठेवतो, पण पंख्याच्या पोटात ते गोठणार नाही अशी श्रद्धा ठेवा. श्रद्धा कमी पडली तर कडी-कोयंड्याला मारतो तो स्प्रे मारा. तो उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतो, पंखा दोन दिवस सुरेख फिरतो, आणि त्या दोन दिवसांत तुम्ही चार जणांना हा उपाय सांगून मोकळे होता. पंखा सीलबंद असेल, त्याला तेलाचं दारच नसेल, तर तेल बाहेरून ओता. कुठेतरी मुरेलच.

तेलाने भागलं नाही तर पंखा बदलणं आलं. त्याआधी कार्ड वॉरंटीत आहे का ते बघायचं असतं, पण ते स्क्रूवरचा स्टिकर फाडल्यानंतर बघा. बिल सापडेल. त्यावरची शाई उडून गेलेली असेल, कारण आपण ते पाकिटात जपून ठेवलं होतं. आणि कार्ड सेकंडहँड असेल तर हा प्रश्नच मिटला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवरचं खाणकाम, म्हणजे कार्डांकडून आकडेमोड करवून नाणी कमावणं, बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. विकणारा म्हणाला असेल, ‘फक्त ऑफिसच्या कामाला वापरलंय.’ लेडी डॉक्टरने फक्त दवाखान्यापर्यंत चालवलेल्या गाडीचंच हे भावंड. अशा कार्डात चिप बहुधा ठणठणीत असते, पंखे मात्र निवृत्तीला आलेले असतात.

नवा पंखा घ्यायला लॅमिंग्टन रोडला किंवा आमच्या पुण्यात तपकीर गल्लीत जा, पण जुना पंखा सोबत नेऊ नका. मोबाईलमधला हललेला फोटो पुरे. पंख्याच्या स्टिकरवर छापलेला नंबर वाचायचा नाही, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजायचं नाही, वायर दोन पिनांची की चार पिनांची हे तर अजिबात बघायचं नाही. मी स्वतः असाच गेलो होतो. दुकानदाराने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब, हा बसेल.’ बसला. फक्त पातं कडेच्या प्लास्टिकला घासत होतं. दुसऱ्या फेरीत पातं बरोबर आलं, पण चार पिनांच्या जागी दोन पिना निघाल्या, आणि पंखा विमानाच्या जोशात सतत पूर्ण वेगाने फिरू लागला. तिसऱ्या फेरीला गल्लीतल्या चहावाल्याने मला न विचारता कटिंग दिला.

कार्ड खोलताना दणकून ओढा. पंख्याची वायर आत बोर्डाला जोडलेली असते आणि तिचा पांढरा चिमुकला जोड नखाने हळू सोडवावा लागतो, पण नखं कापलेली असणं हा संस्काराचा भाग आहे. खालचे स्प्रिंगवाले स्क्रू काढायची गरज बऱ्याच कार्डांत नसते, कारण पंखे वरच्या झाकणाला असतात. तरी काढा. हीटसिंक सुटली की चिपची उष्णता हीटसिंककडे पोचवणारी, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट दिसेल आणि आता ती नव्याने लावल्याशिवाय गत्यंतर नाही, हे कळेल. एका संध्याकाळच्या कामाचे दोन रविवार असेच होतात.

काही महाभाग तर मूळ पंखे काढून टाकतात आणि कॅबिनेटचे दोन साधे १२ व्होल्टचे पंखे केबल टायने हीटसिंकला बांधतात. दिसायला बैलगाडीला बांधलेल्या कंदिलासारखं दिसतं, आणि कार्ड पहिल्यापेक्षा थंड राहतं, हे जास्त चीड आणणारं आहे. तुम्ही केलंत तर त्या पंख्यांची वायर मदरबोर्डला जोडा. मग ते प्रोसेसरचं तापमान बघून फिरतील. म्हणजे ग्राफिक्स कार्ड भाजत असताना प्रोसेसर निवांत असला, तर पंखेही निवांत.

हो, एक राहिलंच. आजकालची बरीच कार्डं थंड असताना पंखे मुद्दामच बंद ठेवतात आणि पन्नास-साठ अंश झाले की फिरवतात. हे डब्यावर लिहिलेलं असतं. डबा तुम्ही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिला होता.

सगळं जोडून झाल्यावर एक स्क्रू उरेल. तो आणि जुना पंखा टाकू नका. कपाटात बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा आहे ना, बारीक पिनेच्या चार्जरचा, त्यात ठेवा. आत मिक्सरचे तीन आधीच आहेत.