रत्नागिरीत मॅन्युअल वेगळे छापतात का?

'कॉर्टेक्स-एम४चा एफपीयू चालू करणे' (एफपीयू म्हणजे एआरएमच्या या प्रोसेसरमधला दशांश, म्हणजे फ्लोट, गणित करणारा भाग) या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया इतरांसाठी इथे पुन्हा देतो: "मेनमध्ये एफपीयू चालू करणे म्हणजे उशीर झाला, ते रीसेट हँडलरमध्येच हवे. डीएसबी-आयएसबी कशासाठी तेही सांगितलेले नाही. कोकणात बसून कॉपी-पेस्ट करण्याआधी मॅन्युअल वाचत जा." (मेन म्हणजे प्रोग्रॅमचे मुख्य फंक्शन, रीसेट हँडलर म्हणजे चिप सुरू होताच त्याच्याही आधी चालणारा कोड, डीएसबी आणि आयएसबी या प्रोसेसरच्या दोन इन्स्ट्रक्शन.)

शेवटचे वाक्य आधी घेतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवाल्यांचे फिशफाइंडर आणि वायरलेस सेट दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. जून-जुलैत मासेमारी बंद झाली की सगळ्यांचे सेट एकदमच टेबलावर येऊन पडायचे. खाऱ्या हवेने पाय कुजलेल्या आयसी, सर्किट डायग्राम कुणाकडेच नाही. डेटाशीटच्या झेरॉक्स आणायच्या आणि लाइट गेली की बॅटरीच्या उजेडात वाचायच्या. कॉपी करायला समोर काही असावे तर लागते ना!

बरे, "कोकणात बसून" म्हणजे नेमके काय? एआरएमचे मॅन्युअल आमच्यासाठी वेगळे निघते का? तेच वाचून लिहिले होते की रीसेटनंतर सीपीएसीआर (कोप्रोसेसर वापरायची परवानगी देणाऱ्या) रजिस्टरचे २० ते २३ हे बिट शून्य असतात, म्हणजे सीपी१० आणि सीपी११ हे एफपीयूचे दोन्ही कोप्रोसेसर क्रमांक बंद. चारही बिट १ केले की एफपीयू खुला. त्याआधी फ्लोटची एक जरी इन्स्ट्रक्शन आली तरी यूसेज फॉल्ट (चुकीच्या वापराचा फॉल्ट), आणि त्या फॉल्टचा हँडलर आपण चालू केलेला नसल्यामुळे थेट हार्डफॉल्ट, म्हणजे त्याहून गंभीर फॉल्ट. एवढे वाचायची तसदी तुम्ही घेतलेली दिसत नाही.

डीएसबी-आयएसबीचे मात्र मान्य. डीएसबी रजिस्टरात लिहिलेले पुरे होईपर्यंत थांबवते, आयएसबी पाइपलाइनमध्ये आधीच शिरलेल्या इन्स्ट्रक्शन टाकून नव्याने आणायला लावते. हे वाक्य आज लेखात घातले.

राहिला रीसेट हँडलर. हार्ड-फ्लोटने (फ्लोटचे गणित एफपीयूवर करण्याच्या सेटिंगने) कंपाइल केले तर मेनच्या तोंडाशीच, आपल्या पहिल्या ओळीच्याही आधी, कंपाइलर व्हीपुश (एफपीयूचे रजिस्टर स्टॅकवर ठेवणारी, म्हणजे एफपीयूचीच इन्स्ट्रक्शन) टाकू शकतो, हे मलाही ठाऊक आहे. टाकू शकतो, टाकतोच असे नाही. भाट्ये खाडीच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या माझ्या बोर्डात मेन दोन ओळींचा आहे, फ्लोटचे सगळे गणित दुसऱ्या फंक्शनात. चालतो. नवशिक्याला पहिल्याच दिवशी स्टार्टअपच्या असेंब्ली फाइलमध्ये ढकलायचे नव्हते, म्हणून तसे लिहिले. लेख तसाच राहील.

तुमच्या मेनमध्ये व्हीपुश येत असेल तर डिसअसेम्ब्ली (मशीन कोडचे असेंब्लीत केलेले रूप) पाठवा, जरूर छापतो. टोमणे तेवढे पाठवू नका.