पत्रक असं काढा, की कुणी सुधारता कामा नये

आरोग्याचं पत्रक काढायला घेतलंय? मग आधी ते कोणासाठी आहे हे ठरवा. उघड आहे, मंजुरी देणाऱ्या साहेबांसाठी. रुग्णांचं नंतर बघू.

जुलाबाचं पत्रक असेल तर सुरुवात आतड्याच्या उभ्या-आडव्या छेदाच्या चित्राने करा. जंतूचं लॅटिन नाव हवंच. 'पुनर्जलीकरण' हा शब्द चार वेळा तरी आला पाहिजे. वरचा तिसरा हिस्सा बोधचिन्हांना द्या. उरलेल्या जागेत बारीक टाइप, जांभळ्यावर पिवळा.

आता मुख्य गोष्ट, जलसंजीवनी. 'योग्य प्रमाणात पाण्यात मिसळावी' एवढं पुरे. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यात, असं स्पष्ट लिहिलंत तर लोक तसंच करतील की! त्यापेक्षा पुडीशेजारी पेल्याचं सुबक चित्र टाका. आई अख्खी पुडी 200 मिलीच्या पेल्यात ढवळेल, द्रावण पाचपट तीव्र होईल, जुलाब वाढतील, रक्तातलं सोडियम चढेल. तुमच्यावर ठपका नाही. 'योग्य प्रमाणात' छापलेलं आहेच.

'मीठ कमी खा' हेही असंच झकास वाक्य. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी, तेही पाकीटबंद खाण्यातलं धरून, असल्या तपशिलात शिरू नका.

भीती मात्र भरपूर घाला. 1953 साली जॅनिस आणि फेशबाक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात दातांविषयीचं सर्वांत भेदरवणारं व्याख्यानच सर्वांत कमी उपयोगी ठरलं होतं, पण ते जुनं झालं. 1965 मध्ये येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लशीसाठी नुसतं समजावल्यावर 3 टक्के विद्यार्थी लस घ्यायला गेले. दवाखान्याचा नकाशा देऊन, कधी जाणार ते ठरवायला लावल्यावर 28 टक्के. म्हणजे पत्रकात वार, वेळ, खोली क्रमांक टाकायचा नाही, हे लक्षात आलं ना?

मथळा द्या: 'बहुतेक लोक साबणाने हात धूत नाहीत!' न धुणाऱ्याला तेवढाच आधार, आपण एकटे नाही म्हणून.

पूर्वचाचणी कार्यालयातच उरका. 'समजलं का?' विचारा, सगळे माना डोलावतात. बाहेरच्या कुणाला 'ही पुडी कशी कालवाल, करून दाखवा' असं चुकूनही म्हणू नका. पाच-सहा जणांतच पेल्याचं बिंग फुटेल आणि छपाई अडकेल.

शेवटी अहवाल. 'वाटलेली पत्रकं' हा रकाना ठळक भरा. 'पुडी बरोबर कालवणाऱ्या आया' असा रकाना तक्त्यात नसतोच.