बुफेबरोबर अप्सरा, हुरड्याबरोबर लावणी

महाराष्ट्रात दर काही महिन्यांनी लावणीवरून तेच भांडण नव्याने पेटतं. डीजेवर गाणं लावून नाचली ती लावणी का? रिसॉर्टमध्ये हुरडा पार्टीबरोबर लावणी ठेवणं शोभतं का? बंदी घालावी की अनुदान द्यावं? या भांडणात एक दाखला आता ठरून गेलाय: "कंबोडियाला जाऊन बघा, त्यांनी आपलं रामायण कसं जपलंय. देवळातल्या अप्सरा अजून जशाच्या तशा नाचतात." असं सांगणारे बहुतेक जण सिएम रीप या अंगकोरच्या देवळांजवळच्या शहरात बुफे जेवणासह अप्सरा शो बघून परतलेले असतात. म्हणजे हुरड्याबरोबरची लावणी ही अधोगती आणि नूडल्सबरोबरची अप्सरा ही जपलेली परंपरा! कंबोडियात राहणाऱ्या माणसाला यातलं एकही टोक पटत नाही. शो बघूच नका असं माझं म्हणणं नाही, जरूर बघा. पण तो नेमका काय आहे हे माहीत असू द्या, आणि घरच्या वादात दाखला म्हणून वापरायचा तर पुरा वापरा.

आधी 'जशाच्या तशा'चं बघू. ता प्रोमच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात त्या एका देवळाच्या सेवेत 615 नर्तकी असल्याची नोंद आहे. अंगकोर वाटच्या समुद्रमंथनाच्या शिल्पपटावर, जो सुमारे 49 मीटर लांब आहे, देव-दैत्यांच्या डोक्यांवरून अप्सरांच्या रांगा उडताना दिसतात. पण त्या नर्तकी कोणत्या तालावर कशा नाचत, हे दगड सांगत नाही. आज शोच्या शेवटी जो 'रोबाम अप्सरा' होतो तो विसाव्या शतकाच्या मध्यावर राणी सिसोवाथ कोसमाक यांनी राजवाड्यात बसवून घेतला. मुकुट आणि पेहराव शिल्पांवरून घेतला, नृत्याची भाषा राजवाड्यात चालत आलेली ठेवली आणि मुख्य अप्सरा म्हणून आपली नात नोरोदोम बोफा देवी (1943–2019) हिला पुढे आणलं. रात्रभर चालणारी नृत्यनाट्यं सरकारी पाहुण्यांसाठी छोटी केली तीही याच राणीने. त्याच्याही आधी, 1906 मध्ये, राजा सिसोवाथ नर्तकींचा ताफा घेऊन फ्रान्सला गेला होता. त्यांना बघून रोदँ या शिल्पकाराने रेखाचित्रांचा सपाटा लावला. परक्या प्रेक्षकासाठी कापून-बेतून नाचणं ही बुफेवाल्यांनी काढलेली टूम नव्हे.

'जपलं' हा शब्दही इथे जरा जपूनच वापरावा लागतो. 1975 ते 1979 या, पोल पॉटच्या कम्युनिस्ट ख्मेर रूजच्या राजवटीत दरबारी नृत्याचे गुरू आणि वादक जवळपास सगळे मारले गेले, नाहीतर उपासमारीने आणि आजाराने गेले. मागे राहिलेल्या मोजक्यांनी 1979 नंतर राजधानी फ्नॉम पेन्हमध्ये आठवतील तेवढ्या मुद्रा आणि चाली जोडत शाळा पुन्हा उभी केली. त्यांच्यातल्या एक चिया सामी. लहानपणापासून राजवाड्यात शिकलेल्या, आणि नात्याने पोल पॉटच्या वहिनी. युनेस्कोने या राजनृत्याला 2003 मध्ये मान दिला आणि 2008 मध्ये यादीत घेतलं, तोवर त्या पहिल्या फळीतले बरेच जण गेले होते. तेव्हा हे अखंड वाहत आलेलं काही नाही. तुटलेलं होतं, ते माणसांनी हाताने सांधलंय.

आता रंगमंचाकडे. कथक किंवा लावणी बघून तयार झालेली आपली नजर आधी पायाकडे जाते आणि निराश होते. घुंगरू नाहीत, पदन्यासाचा कडकडाट नाही. चेहराही जवळजवळ स्थिर, ओठांवर किंचित हसू, आपल्यासारखा डोळ्यांचा अभिनय नाही. बघायचं ते हात. बोटं मागे मनगटाच्या दिशेने वळतात, कोपर उलट्या बाजूला झुकतं, आणि हे जमावं म्हणून मुली सहा-सात वर्षांच्या असल्यापासून रोज बोटं दाबून मागे वळवतात. तर्जनी वर उभी राहिली की कोंब. चार बोटं ताणून मागे वळली आणि अंगठा आत दुमडला की पान. पुढे फूल, मग फळ. या मुद्रांना 'क्बाच' म्हणतात, आणि एक मुद्रा दुसरीत कुठे विरघळली हे सांगता येऊ नये, यातच कसब आहे. पायाची बोटं वर वळलेली, गुडघे वाकलेले, पाठीला कमान. मग एका पायावर तोल धरून दुसऱ्याचा तळवा मागे आकाशाकडे वळवला की ती अप्सरा उडते आहे असं समजायचं. हौशी नर्तकी नेमकी इथे पकडली जाते: उभा पाय थरथरतो, नाहीतर ती तळवा लवकर खाली टेकवते.

तासाभराच्या कार्यक्रमात पाच-सहा नाच असतात. सुरुवात बहुधा आशीर्वादाच्या 'रोबाम चुन पोर'ने होते, त्यात नर्तकी वाडग्यातल्या पाकळ्या प्रेक्षकांकडे उधळतात. मधे नारळाच्या करवंट्यांचा नाच आणि टोपल्या घेऊन मासेमारीचा नाच. हा मासेमारीचा नाच गावातून उचलून आणल्यासारखा वाटतो, पण तो 1960 च्या दशकात फ्नॉम पेन्हच्या कलाविद्यापीठात बसवलेला आहे. आणि मग रिआमकेरमधला, म्हणजे ख्मेर रामायणातला, एखादा प्रवेश. बहुतेक वेळा सोवान माच्छा आणि हनुमान. सोवान माच्छा ही रावणाची मुलगी, सोनेरी मत्स्यकन्या. ती सेतूचे दगड पळवते, हनुमान तिला अडवायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो. आपल्याकडच्या मंडळींच्या टेबलावर इथे हटकून चुळबूळ सुरू होते, कारण हनुमान ब्रह्मचारी. आपल्या मकरध्वजाच्या गोष्टीत निदान घामाच्या थेंबावर निभावून नेलंय; इथे सरळ प्रणय आहे, त्यांना मुलगाही होतो. 'आपलं रामायण' हा दावा या प्रवेशापाशी अडखळतो. रामायण त्यांचंही आहे, त्यांनी ते त्यांच्या परीने रचलंय आणि त्यात आपल्याला विचारलेलं नाही.

चांगला शो आणि टुकार शो यातला फरक मात्र ना कथेत आहे, ना कपड्यांत. तो रंगमंचाच्या कडेला बसतो, किंवा बसत नाही. पिनपिआत नावाचा वाद्यमेळ: रोनिआत हे 21 पट्ट्यांचं लाकडी तरंगवाद्य, वर्तुळात मांडलेल्या 16 घंटांचं कोंग वोंग, स्रालाय ही सनईच्या जातीची सुषिर, मोठे ढोल, छिंग ही छोटी जाड झांज आणि सम्फोर हा आडवा मृदंग. सम्फोरवाला सगळ्यांचा म्होरक्या. त्याची नजर नर्तकीवर असते. तिने तोल सावरायला क्षणभर जास्त घेतला तर तो लय तेवढी धरून ठेवतो. रेकॉर्ड लावली की हे नातं संपतं. मग नर्तकी गाण्यामागे पळते, मुद्रा पुरी उमलायच्या आत पुढची धरते, आणि प्रेक्षकाला वाटतं, हे सगळं फारच सारखं-सारखं आहे. मोठ्या बुफे हॉलांपैकी काहींत वादक बसतात, काहींत रेकॉर्ड असते, आणि काहींत दोन-तीन वादक दिसायला बसवून मागे रेकॉर्ड चालू असते. तिसरा प्रकार ओळखणं सोपं आहे: स्रालायवाल्याने वाद्य तोंडातून काढलं तरी स्रालाय वाजत राहते.

आपल्या वादातही मला हाच प्रश्न आणावासा वाटतो: वादक समोर बसतात का? लावणीबद्दल आपण भांडतो ते पदर किती ढळला यावर. स्वातंत्र्यानंतर तमाशावर बंदी आली तेव्हापासून सरकार, समित्या, संपादकीयं सगळ्यांची नजर शब्दांवर आणि अंगविक्षेपांवर. ढोलकीवाला कधी उठून गेला, तुणतुणं कधी गप्प झालं, पेटीवर बसणाऱ्याची पोरं आता काय करतात, यावर कोणी ताव काळे करत नाही. संगीतबारीत बैठकीची लावणी रंगायची ती गाणारी आणि ढोलकी यांच्यातल्या खेळावर. एकाच ओळीवर ती दहा प्रकारे अदा करी आणि ढोलकी तिला उत्तर देई. पेन ड्राइव्ह उत्तर देत नाही. म्हणून डीजेवरच्या लावणीवर माझा आक्षेप आहे, पण तो अश्लीलतेचा नाही. रिसॉर्टवर, हुरड्याबरोबर, अगदी दारूच्या टेबलांपुढेही, ढोलकी-पेटीवाले समोर बसणार असतील आणि त्यांना रात्रीचे धड पैसे मिळणार असतील, तर तेवढ्यावरून लावणी मरत नाही. गोव्यात मांडवीवरच्या संध्याकाळच्या बोटीवर देखणी आणि फुगडी हे नाच होतात, त्यांनाही हेच माप लावावं.

तरी कंबोडियाचा कित्ता डोळे झाकून गिरवावा असं नाही. बुफे हॉलला वर्षानुवर्षं तेच पाच नाच लागतात, कारण प्रेक्षक रोज नवा असतो. शास्त्रीय संग्रहातले बाकीचे नाच तिथे कोणी मागत नाही. आणि गिऱ्हाईक एकच: टूर कंपनी. 2019 मध्ये अंगकोरची तिकिटं सुमारे 22 लाख परदेशी लोकांनी काढली. 2020 मध्ये कोविडमुळे विमानं थांबली आणि हॉलांमागून हॉल बंद पडले; नर्तकींनी दुकानं धरली, गावं गाठली. 2020 आणि 2021 मध्ये आपल्याकडेही जत्रा झाल्या नाहीत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्यांत गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपाऱ्या ठरवायला येतात, त्या आल्या नाहीत आणि फड कर्जात गेले. गिऱ्हाईक एकच असलं की टूर कंपनी काय आणि यात्रा कमिटी काय. एका गोष्टीत मात्र इथली माणसं पुढे आहेत. सांपेआह क्रू, म्हणजे गुरुवंदना, गुरुवारी करायची रीत नाच शिकणाऱ्यांनी सोडलेली नाही, आणि बुफेत नाचणारी मुलगीही आपण कोणाकडे शिकलो हे नावानिशी सांगते. आपल्याकडे लावणीच्या कार्यक्रमात निवेदक प्रायोजकांची नावं तीनदा घेतो, ढोलकीवाल्याचं एकदाही नाही.

तर, जायचं असेल त्यांच्यासाठी. सिएम रीपमध्ये बुफे साधारण सहा-साडेसहाला उघडतो आणि नाच साडेसातला सुरू होतो. दर हॉलप्रमाणे बदलतो, पण बारा ते वीस डॉलरच्या आसपास धरून चाला, पेयं वेगळी. हॉटेलच्या काउंटरवरून किंवा टुकटुकवाल्यामार्फत काढलं तर त्यात त्यांचं कमिशन असतं, तेव्हा हॉलला थेट फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: आज वादक बसणार का, आणि टेबल रंगमंचापासून कितव्या रांगेत. पुढच्या रांगा टूर ग्रुपना जातात. एकट्यादुकट्याने मधल्या रांगेचं कडेचं टेबल मागावं. मागच्या मधल्या टेबलावरून फक्त लोकांचे वर धरलेले फोन दिसतात. डॉलरची फाटकी किंवा मळकी नोट इथे कोणी घेत नाही.

सर्वांत जास्त फसतात ते सूर्यास्तवाले. फ्नॉम बाखेंगच्या टेकडीवर सूर्यास्त बघायचा, उतरायचं, टुकटुकच्या गर्दीतून शहरात यायचं, म्हणजे हॉलमध्ये पोचेपर्यंत सव्वासात. मग चुन पोर चालू असतो आणि तुम्ही ताट घेऊन नूडल्सच्या रांगेत, रंगमंचाकडे पाठ करून. त्या दिवशी सूर्यास्त सोडा, नाहीतर शो. नवा विमानतळ शहरापासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर लांब आहे, त्यामुळे संध्याकाळी उतरून त्याच रात्री शो हा बेतही करू नये.

जेवणाचं. नाच सुरू व्हायच्या आत मुख्य जेवण उरका, गोड आणि फळं नंतर. आमोक बघून घ्या: नारळाचं दूध आणि क्रुएंग, म्हणजे गवती चहा, गलंगल, हळद, लसूण, मकरूट लिंबाची पानं यांचं वाटण, त्यात मासा, आणि केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेलं. बरा झाला असेल तर तो मऊ घट्ट बसतो. बुफेच्या तव्यावर तासभर राहिला की नारळ फुटतो आणि वर तेल-पाणी वेगळं दिसतं, तेव्हा लवकर घ्या. शाकाहारी लोकांची खरी अडचण भाजीतच आहे. नाळीची भाजी परतलेली दिसते निव्वळ हिरवी, पण तिच्यात तुक त्रेय, म्हणजे आंबवलेल्या माशांचा खारट फिश सॉस, नाहीतर ऑयस्टर सॉस असतोच. चटण्यांत प्राहोक, म्हणजे आंबवलेला मासा. समोर परतून देणारा नूडल्सचा काउंटर असेल तर तिथे "कोम दाक तुक त्रेय" म्हणा, म्हणजे तो घालत नाही. कढई मात्र तीच असते. ते चालत नसेल तर बाहेर जेवून या आणि जेवणाशिवायचं तिकीट मिळतं का विचारा, काही हॉल देतात.

शेवटी नर्तकी फोटोसाठी रंगमंचावर थांबतात. फ्लॅश नको. त्यांच्या खांद्यावर हात टाकू नका आणि मुकुटाला तर नाहीच. ख्मेर माणूस डोकं पवित्र मानतो, आणि तो मुकुट गुरूंना वंदन करून चढवलेला असतो. पैसे द्यायचे तर रंगमंचाशी ठेवलेल्या भांड्यात टाका, आणि वादक बसले असतील तर त्यांच्यासमोरही असं भांडं आहे का ते बघा. ते बहुतेक रिकामंच असतं.