पंचशील, मीठ आणि तकलाकोट

२०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली आणि फेसबुकवर फोटोंचा पूर आला. आपली मराठी मंडळी त्यात आहेतच. उत्तराखंडाच्या सीमेवरच्या लिपुलेख खिंडीतून जाणाऱ्यांच्या वर्णनात पलीकडचं, तिबेटातलं तकलाकोट हमखास येतं, पण कसं? 'इथे मुक्काम, उंचीची सवय, थोडी खरेदी, मग मानसरोवर.' संपलं. एवढ्या जुन्या गावाची दोन ओळींत बोळवण झालेली बघून चिडचिड होते, म्हणून हे लिहितोय. लांबलचक आहे, आधीच सांगतो.

तिबेटी लोक या भागाला पुरांग म्हणतात, चिनी नकाशावर तो पुलान. उंची साधारण १३ हजार फूट. गावाजवळून वाहणारी नदी पुढे नेपाळात कर्णाली होते आणि भारतात घाघरा. नेपाळची सीमाही जवळ, आपलीही. अशा जागी बाजार भरणारच. वरून मीठ, लोकर, टाकणखार यायचं. खालून कुमाऊं आणि नेपाळातलं धान्य, गूळ, कापड. लिपुलेखची चढण हा माल शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवरून चढायचा, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना छोट्या थैल्या. आपल्या बाजूचे व्यापारी म्हणजे कुमाऊंच्या ब्यांस, चौदांस, दारमा खोऱ्यांतले रं जमातीचे लोक. घराण्याचा पलीकडे एक ठरलेला तिबेटी 'मित्र' असायचा आणि हे नातं बापाकडून मुलाकडे जायचं. यंदाची उधारी पुढच्या हंगामात फिटायची.

इतिहासप्रेमींना तकलाकोट आठवतं ते जनरल जोरावरसिंगांमुळे. जम्मूच्या गुलाबसिंगांचा हा सेनापती १८४१ मध्ये पश्चिम तिबेट घेत थेट इथवर आला आणि १२ डिसेंबरला जवळच्या तोयो इथे लढताना पडला. थंडी इतकी, की सैनिकांनी शेकायला बंदुकांचे दस्ते जाळले. त्यांच्या शौर्याबद्दल कोण वाद घालेल? पण स्वारीमागे शालींच्या लोकरीचा व्यापार हे मोठं कारण होतं, ते व्हॉट्सअॅपवरच्या वीरगाथांमधून बरोबर गाळलं जातं. काश्मिरी शालींची लोकर याच पट्ट्यातून यायची. १८४२ च्या तहात सीमा जुन्याच राहिल्या, आणि लोकर-चहाचा व्यापार लडाखमार्गे चालू ठेवायचं ठरलं. रक्त सांडून झाल्यावर दोन्ही बाजू बोलल्या त्या मालाबद्दल!

आता १९५४ कडे येतो, कारण खरा राग तिथला आहे. भारत-चीनचा पंचशील करार म्हटलं की आपल्याकडे दोन तट पडतात. एक नेहरूंना भोळे ठरवतो, दुसरा द्रष्टे. दोघांपैकी किती जणांनी तो कागद वाचलाय कोण जाणे. २९ एप्रिल १९५४ चा तो करार मुळात भारत आणि तिबेट यांच्यातल्या व्यापाराचा आणि ये-जा करण्याचा आहे. शांततेने एकत्र नांदायची ती पाच तत्त्वं प्रस्तावनेत आहेत. आत कलमं आहेत ती बाजारांची, खिंडींची, यात्रेकरूंची. बाजारांच्या यादीत तकलाकोट नावानिशी आहे, खिंडींच्या यादीत लिपुलेख. आणि मुदत? फक्त आठ वर्षं. जून १९६२ मध्ये ती संपली, पुढे वाढवली गेली नाही. ऑक्टोबरात युद्ध पेटलं तेव्हा बाजाराचा कागद आधीच निकामी झाला होता. प्रस्तावनेवर आपण सत्तर वर्षं भांडतोय. कलमं ज्यांच्या पोटापाण्याची होती ती ब्यांस खोऱ्यातल्या गर्ब्यांग, गुंजी गावांची माणसं भांडणात कुठेच नाहीत.

तिकडच्या तकलाकोटचंही काही बरं झालं नाही. गावावरच्या टेकडीवरचा सिंबिलिंग मठ सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त झाला. यात्रा १९८१ मध्ये पुन्हा सुरू झाली, लिपुलेखचा व्यापार १९९२ मध्ये. म्हणजे भाविकांना आधी वाट मिळाली, व्यापाऱ्यांना त्यानंतर ११ वर्षांनी. व्यापारही तो जुना नव्हे. ठरावीक मालाची यादी, परवाने, जूनपासूनचे चार-पाच महिने. तरी आपल्या बाजूच्या, उत्तराखंडातल्या धारचुल्याचे व्यापारी जात राहिले. मग कोविड आला, खिंड बंद झाली आणि २०१९ च्या हंगामात तकलाकोटला ठेवलेला त्यांचा माल तिथेच अडकला.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत-चीनने लिपुलेख, शिपकी ला आणि नाथू ला या खिंडींतला व्यापार पुन्हा सुरू करायचं ठरवलं. लिपुलेखवर दावा सांगणाऱ्या नेपाळने लगेच आक्षेप घेतला. त्यावरून आपल्याकडे नेपाळची टिंगल झाली, ती मला आवडली नाही. हुमलाचे नेपाळी व्यापारीही पिढ्यान्‌पिढ्या याच बाजारात आलेत.

माझं म्हणणं एवढंच, की या वेळी यादी ठरवताना धारचुल्याच्या व्यापाऱ्यांना टेबलाशी बसवा. मुदत अशी ठेवा की दिल्ली-बीजिंगमध्ये रुसवाफुगवी झाली म्हणून हंगाम बुडू नये. आणि खिंड ऐनवेळी बंद झालीच, तर पलीकडे राहिलेला माल कोण परत आणणार, भरपाई कोण देणार, हे आधी लिहून घ्या.