जुलैतल्या मंगळवारी गिऱ्हाईक कोण?

हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव आटोपला की आम्ही चौघं कट्ट्यावर जमतो. परवा बंड्या आला तो मासळीच्या पिशवीत गुंडाळलेला करार घेऊनच. पुण्याच्या एका चहा-कॅफेची फ्रँचायझी, म्हणजे पाटी कंपनीची, दुकान आपलं. फी साडेतीन लाख, यंत्रं आणि सजावट धरून एकूण बारा. त्यातले सात वडिलांच्या निवृत्तीचे, बाकी कर्ज. सोमवारी टोकन भरायचं होतं.

"घेऊन टाक," हमीदभाई म्हणाले. कुवेतला अठरा वर्षं त्यांनी एका साखळी रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काढली, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन आहे. "स्वतःचं हॉटेल काढशील तर दोन वर्षं चवच जमवण्यात जातील. इथे मसाला मोजून येतो, पोरांना ट्रेनिंग मिळतं, पाटी लोकांच्या ओळखीची असते. पुण्याची फॅमिली अनोळखी टपरीवर उतरणार नाही, ती पाटी बघून उतरेल."

तात्यांना ते पटलं नाही. "पुण्याचा माणूस सहा तास गाडी चालवून इथे येतो तो पुण्यातलाच चहा प्यायला? त्याला सुरमई पाहिजे, सोलकढी पाहिजे."

"सकाळी आठला सुरमई खातो का कोण? चहाच लागतो," हमीदभाई म्हणाले.

दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद लांबला. पण तात्यांनी दापोली-हर्णै रस्त्यावर कंडक्टर म्हणून आयुष्य काढलंय. पर्यटक किती ते विचारलं की लोक डिसेंबरमधला रविवार डोळ्यांसमोर आणतात. तात्यांना सगळे वार आठवतात. ते म्हणाले, "बंड्या, मला जुलैतला मंगळवार सांग. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, खलाशी घरी, लिलाव नाही. पर्यटक नाही. चाकरमानी येणार गणपतीला. तोवर तुझ्या दुकानात कोण?"

बंड्या म्हणाला, कंपनीने महिना तीन लाख धंदा होईल असं लिहून दिलंय. मी ते पान बघितलं. आकडा होता, पण वर 'अंदाजे' होतं आणि तो सरासरीचा होता. सरासरीने भाडं भरता येत नाही. भाडं दर महिन्याला येतं.

मग मी पानाच्या पाठीवर पेनाने हिशेब मांडला. पावसातल्या महिन्यात ऐंशी हजारांची विक्री धरली, तीही हात सैल सोडून. माल पंचेचाळीस टक्के म्हणजे ३६,०००. भाडं १५,०००. दोन पोरांचा पगार २४,०००. वीज ८,०००. रॉयल्टी (कंपनीचा दरमहाचा वाटा) सहा टक्के म्हणजे ४,८००, त्यावर अठरा टक्के जीएसटी ८६४. बेरीज ८८,६६४. म्हणजे साडेआठ हजारांच्या वर तोटा, आणि कर्जाचा हप्ता अजून धरलेलाच नाही.

"रॉयल्टी नफ्यावर ना?" बंड्याने विचारलं. नाही. त्याच्या करारात ती विक्रीवर होती, आणि बहुतेक ठिकाणी तशीच असते. तोटा झाला तरी कंपनीचे ४,८०० सुटत नाहीत. शिवाय रेस्टॉरंटला पाच टक्के जीएसटी लावला की भरलेल्या जीएसटीचा परतावा मिळत नाही, तेव्हा रॉयल्टीवरचा तो कर आपल्याच खिशातून जातो. सगळीकडे असंच असतं असं नाही. अमूलच्या पार्लरला रॉयल्टी नसते. दुकानदाराला छापील किमतीवर कमिशन मिळतं, पिशवीच्या दुधावर सुमारे अडीच टक्के, आइस्क्रीमवर वीसच्या आसपास. कमिशन कमी, पण दूध पावसातही रोज सकाळी लागतं. (अमूलच्या नावाने खोट्या वेबसाइटवर पैसे उकळल्याच्या बातम्या आल्या आहेत, त्यामुळे पैसे भरण्याआधी खात्री करावीच.)

हे मी एवढ्या तळमळीने का बोलत होतो ते त्या तिघांनाही ठाऊक आहे. मी दापोलीत आइस्क्रीम पार्लरची फ्रँचायझी घेतली होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. लॉकडाउनने धंदा आधीच बसवला होता, त्यात वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी फ्रीजर उघडला तेव्हा गुलाबी पाणी पायांवर आलं. त्या कंपनीच्या करारात दोन ओळी होत्या. नैसर्गिक आपत्तीत कंपनी जबाबदार नाही, ही एक. दर महिन्याला ठरलेलं मिनिमम लिफ्टिंग करायचं, म्हणजे निदान तेवढा माल कंपनीकडून उचलायचाच, ही दुसरी. माल वितळला माझा, आणि पुढच्या महिन्याचं टार्गेटही माझंच. सही करताना त्या ओळी मी वाचल्या नव्हत्या. आईचे दागिने सोडवायला मला तीन वर्षं लागली.

आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. अमेरिकेत कंपनीला सगळी माहिती सही-पैशांच्या निदान चौदा दिवस आधी कागदावर द्यावी लागते. आपल्याकडे मुख्य आधार १८७२ च्या करार कायद्याचा. कागदावर जे आहे तेच तुमचं. म्हणून त्या रात्री मी बंड्याचा करार ओळीने वाचला. लॉक-इन तीन वर्षं, म्हणजे तोवर करार सोडता येणार नाही. आपल्या हद्दीत दुसरं दुकान देणार नाही, असं कुठे लिहिलेलंच नाही. यंत्रं कंपनीच्याच माणसाकडून घ्यायची. मसाला आणि प्रिमिक्स पुण्याहून येणार, आणि पावसात वरंध घाट बंद झाला की गाडी लांबून फिरून येते.

हमीदभाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फोन लाव त्यांना. स्पीकरवर."

बंड्याने लावला. हमीदभाईंनी शांतपणे विचारलं, कोकणात तुमची किती दुकानं दोन वर्षांत बंद झाली, आणि त्यातल्या दोघांचे नंबर द्याल का. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, या आठवड्यात टोकन भरलंत तर फीमध्ये पंचवीस टक्के सूट आहे." हमीदभाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. मुलाने सूट पुन्हा सांगितली.

फोन ठेवल्यावर तात्या म्हणाले, "तुला गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायचा कंटाळा. चहाच्या गल्ल्यावर दिवसभर हसून कोण बोलणार?"

हे मात्र खरं होतं. बंड्या बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री आहे. नुसता आवाज ऐकून नोझल खराब की पंप ते सांगतो. आणि जून-जुलैत, जेव्हा सगळ्या बंदराचे पैसे थांबतात, तेव्हाच बोटी वर असतात आणि इंजिनं खोलली जातात. इंजिन कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर हीही फ्रँचायझीचीच चुलत बहीण. तिथेही डिपॉझिट आहे, स्पेअरचा साठा ठेवायची अट आहे, करार तितकाच बारीक वाचावा लागेल. पण त्या दुकानात जुलैतल्या मंगळवारी गिऱ्हाईक असेल.

"पण मिस्त्रीच राहायचं?" बंड्याने विचारलं. वडिलांना वाटतं पोराचे हात काळे होऊ नयेत. ते खोटं नाही आणि सोपंही नाही. त्यावर आमच्यापैकी कुणालाच उत्तर सुचलं नाही.

सोमवारचं टोकन त्याने थांबवलंय. गुरुवारी मी आणि तो इंजिनच्या डीलरकडे जाणार आहोत आणि शनिवारी महाडला. तिथे त्याच चहा कंपनीचं एक दुकान बंद पडलंय, असं तात्यांनी एसटीतून ऐकून आणलंय. मालकाला भेटून विचारायचं आहे की कोणत्या महिन्यात हात टेकले.