‘चेहऱ्यावर भलतंच चिन्ह, नाणं नकली आहे’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्याकडून घेतलेलं नहपानाचं चांदीचं नाणं नकली आहे, असं लिहून तुम्ही एक तारा दिलात. राजाच्या चेहऱ्यावर भलतंच चिन्ह आहे, नाणं वाकडंतिकडं आहे आणि मित्राने जत्रेत घेतलेली चार नाणी सुबक आणि हुबेहूब एकसारखी आहेत, ही तुमची कारणं. पहिल्याच खरेदीत फसलो असं वाटणं फार क्लेशाचं असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

चेहऱ्यावरचं चिन्ह म्हणजे तीन कमानींचा डोंगर. मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली अधिकची खूण, आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाला हरवलं आणि त्याच्याच नाण्यांवर आपले ठसे मारले. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला १३,००० हून जास्त नाण्यांचा साठा सापडला; त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर असेच दुहेरी ठसे आहेत. सातवाहनांचा विजय हातात धरता येतो तो अशा नाण्यात, आणि म्हणूनच ते मला दुसरा ठसा नसलेल्या नाण्याहून मोलाचं वाटतं.

आता पारख. भिंगाखाली बघा: वरचा ठसा जिथे बसलाय तिथेच खालचा चेहरा चेपलाय, बाजूला नाक आणि अक्षरं शाबूत आहेत. साच्यात ओतलेल्या नकलेत दोन्ही सारखेच बोथट दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात, कडेला जोडाची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा सापडतात. वजन साधारण २ ग्रॅम हवं, पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. मित्राची नाणी मी पाहिलेली नाहीत, तरी हाताने ठोकलेल्या चार नाण्यांत ठसा त्याच जागी सरकलेला आणि चीर त्याच जागी, असं होत नाही. त्यांना ती शेजारी ठेवून कडा तपासायला जरूर सांगा.

एक कळकळीची विनंती. काळपटपणा घालवायला चिंच किंवा पावडर लावू नका. तो थर गेला की परत येत नाही, आणि पारखणाऱ्याचा एक पुरावाही जातो.

माझ्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. आमच्याशी संबंध नसलेल्या कुणाही जाणकाराला नाणं दाखवा. ते नकली ठरलं तर बिलावरची पूर्ण रक्कम परत मिळेल. बिलाच्या मागे ही अट लिहिलेलीच आहे. दुकानात आलात तर दुहेरी ठशांची आणखी नाणी भिंगाखाली शेजारी ठेवून दाखवीन, खरेदी करा वा न करा.