सुटेना तो नट

चिकाटी म्हणजे काय, हे आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला अडकलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न महाजन आयोग पचवून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि आम्ही अजून पुढची तारीख विचारतोय. त्यामुळे गंजलेला नट समोर आला की आमचा पवित्रा ठरलेला: आता तो तरी राहील, नाहीतर मी. माझं म्हणणं एवढंच, की सीमाप्रश्नाची चिकाटी सतरा नंबरच्या नटाला लावू नये. नट तारीख देत नाही, सरळ मोडतो.

आपल्याकडचा पाऊस बघता गंजाला निमित्त लागत नाही. मृगापासून उघड्यावर पडलेला नांगर आणि उसाच्या ट्रॉलीचा हूक यांची आठवण गळीत हंगाम तोंडावर आल्यावर होते. तोवर गंजानं आट्यांतली सगळी फट भरलेली असते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट तिथं नुसता बसलेला नसतो, त्यानं तळ ठोकलेला असतो.

जोर लावण्याआधी दिशा बघा. सायकलचं डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. वेल्डिंगवाल्याच्या ॲसिटिलीन सिलिंडरची जोडणीही उलटी. म्हणून तिच्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचा पाडलेल्या असतात. इथं चुकीच्या बाजूनं दाखवलेली जिद्द म्हणजे नट आणखी आवळण्याची मेहनत.

दिशा बरोबर असेल तर बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशनं घासा, गंज सोडवणारं तेल मारा आणि निघून जा. हे निघून जाणं कुणालाच जमत नाही. तेल झिरपायला रात्र लागते आणि आपल्याला पाचव्या मिनिटाला पाना लावायचा असतो. सकाळी नटाच्या बाजूवर हातोडीचे हलके ठोके द्या. दहा मिलिमीटरच्या बोल्टाला सतरा नंबरचा सहाकोनी बॉक्स पाना घ्या. स्क्रू पाना घरातल्या नळाला ठेवा, तो इथं फक्त कोपरे खातो. आधी नट किंचित आवळायचा, मग सोडायचा. पाव फेरा सुटला की थोडा मागं, पुन्हा तेल, पुन्हा पुढं. नट कुरकुरतोय तोवर नेटानं लागून राहावं. ‘टक्’ असा आवाज येऊन तो हलला, तर गंज तुटला समजा.

धोका असतो तो गोड वाटणाऱ्या क्षणात. नट एकदम मऊ, लोण्यासारखा फिरायला लागतो, पण बोल्टावर जागचा सरकत नाही. माणूस खूश होऊन पान्यात पाइप घालतो. तो सुटत नसतो हो, बोल्ट पिळतोय! अजून अर्धा फेरा, की मुंडकं हातात. इथं थांबावं. हेल्पर कधीचा शेजारी ‘मामा, ग्राइंडर आणू?’ म्हणत असतो. त्याला अभिमान कमी आणि भूक जास्त असते, म्हणून त्याचा निर्णय बहुधा बरोबर येतो.

नट-बोल्ट आरपार असेल तर कापायला लाजू नका. चार इंची ग्राइंडरनं नटाच्या एका सपाट बाजूवर बोल्टाला समांतर चीर पाडा, आट्यांच्या जरा अलीकडे थांबा आणि छन्नीचा एक घाव द्या. नट उकलतो. नवा जोड चहाच्या पैशात येतो. तो वाचवायला दुपार घालवणाऱ्याला मी चिकाटीचा नाही, चिक्कू म्हणतो.

बिडाच्या बॉडीत बसलेला स्टड, म्हणजे बिनमुंडक्याचा बोल्ट, मात्र वेगळा. तिथं लवकर हार मानणं महाग पडतं. नटाला गॅसनं शेक द्या: पोलाद दोनशे अंशांनी तापलं की दहा मिलिमीटरचं छिद्र साधारण दोन शतांश मिलिमीटरनं मोठं होतं, आणि गंजाची पकड मोडायला तेवढं पुष्कळदा पुरतं. आधी मारलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर भडका. स्टड मोडलाच आणि थोडा वर शिल्लक असेल, तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड मारा. धरायला जागाही होते आणि शेकही मिळतो. अगदी पृष्ठभागाशी मोडला असेल तर मधोमध पंच मारून ड्रिल करा आणि एझी-आऊट, म्हणजे मोडका स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, घाला. पण एझी-आऊट अडला की तिथंच हात आखडता घ्या. तो कडक पोलादाचा असतो. आत मोडला तर त्यावर साधा ड्रिल नुसता नाचतो.

मग सगळी बॉडी उचलून बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपात न्यायची. तिथला माणूस भोकात बॅटरीचा उजेड मारतो आणि विचारतो, ‘ह्याला आधी कुणी हात लावला होता काय?’ आत एझी-आऊटचा तुकडा चमचम करत असतो आणि गिऱ्हाईक ठामपणे म्हणतं, ‘छे! आणला तसाच आहे.’